‘लाल राज्या’तले ‘सनातनी’: कॅन्ससच्या निमित्तानं

प्रश्न असा आला आहे. अमेरिकेवरच्या एका लेखाच्या भाषांतरात वाक्य आहे: ‘कॅन्सससारख्या लाल राज्यातील सनातनी मतदारांनी २०२२ मध्ये गर्भपाताच्या बाजूने कौल दिला.’ विचारणाऱ्याला दोन शंका आहेत. ‘रेड स्टेट’ला, म्हणजे रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या राज्याला, ‘लाल राज्य’ म्हटलेलं चालेल का? आणि ‘कन्झर्वेटिव्ह’ला ‘सनातनी’ बरोबर का? तिसरी शंका माझ्या पदरची, ‘गर्भपाताच्या बाजूने’ या शब्दांबद्दल. ती शेवटी.

आधी लाल. नाही चालणार. मराठीत राजकारणातला लाल रंग गिरणगावानं पक्का करून ठेवला आहे. लाल बावटा म्हणजे कामगारांचा, लाल निशाण पक्ष म्हणजे डाव्यांचा, आणि ‘लालभाई’ कोणाला म्हणतात ते शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं. ‘लाल राज्य’ वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे केरळ येतं, जुना बंगाल येतो. कॅन्सस येत नाही.

बरं, अमेरिकेतही हा रंग काही जुना नाही. १९८० साली रेगन निवडून आले त्या रात्री एनबीसी वाहिनीच्या नकाशावर त्यांची राज्यं निळी रंगवली होती. कोणी लाल कोणाला द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं, अशीच रीत होती. २००० साली बुश आणि गोर यांचा निकाल फ्लोरिडातल्या फेरमोजणीत ३६ दिवस अडकला. तेवढे दिवस तोच तो नकाशा टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत झळकत राहिला. त्यात रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे होते, ते तसेच चिकटले. बाकीच्या जगात उलटं आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचा रंग लाल आणि त्याच्या विरोधकांचा निळा. तेव्हा अमेरिकेतला हा लाल म्हणजे टीव्हीवाल्यांच्या रंगपेटीतला अपघात. तो शब्दशः उचलून मराठीत आणायचं आपल्याला काही कारण नाही.

गंमत अशी की मराठी अर्थानं कॅन्सस एकेकाळी खरोखर लालसर होतं. १८९०च्या दशकात रेल्वे कंपन्या आणि सावकारांच्या विरोधात उठलेल्या शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाचं ते माहेरघर. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘अपील टू रीझन’ हे अमेरिकेतलं सर्वांत खपाचं समाजवादी साप्ताहिक न्यूयॉर्कहून नव्हे, कॅन्ससमधल्या जिरार्ड नावाच्या लहानशा गावातून निघायचं. लाखांनी खप होता त्याचा. आज तिथे लाल म्हणून उरला आहे तो गहू. १८७०च्या दशकात रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांनी ‘टर्की रेड’ वाण आणलं आणि त्यावर राज्याची शेती उभी राहिली. हे विषयांतर झालं, पण गव्हाबद्दल बोललो नाही तर कॅन्ससबद्दल बोललोच नाही असं होतं.

मग ‘रेड स्टेट’ला काय म्हणायचं? आपल्याकडे तयार शब्द आहे: बालेकिल्ला. ‘रिपब्लिकनांचा बालेकिल्ला.’ फारसीतला ‘बाला’ म्हणजे वरचा, त्यावरून गडाच्या माथ्यावरचा, शेवटपर्यंत लढवायचा भाग. राजगडाचा बालेकिल्ला चढताना ज्याचे गुडघे बोलले आहेत त्याला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कॅन्ससनं अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटला शेवटचं मत दिलं १९६४ साली, जॉन्सन यांना. वॉशिंग्टनच्या सिनेटवर तर १९३२ नंतर एकही डेमोक्रॅट निवडून पाठवलेला नाही. याला बालेकिल्ला म्हणायचं नाही तर कशाला?

पण लगेच पुढचं वाक्य ‘बालेकिल्ल्याला खिंडार’ असं लिहू नका. तो मोह वर्तमानपत्रवाल्यांना होतोच. २०१८ साली लॉरा केली या डेमोक्रॅट बाई गव्हर्नर झाल्या, २०२२ मध्ये पुन्हा निवडून आल्या, तेव्हा खिंडार पडलं असं वाटू शकतं. प्रत्यक्षात गव्हर्नरच्या खुर्चीत कॅन्सस गेली पन्नासेक वर्षं आळीपाळीनं माणसं बसवत आलं आहे. डॉकिंग, कार्लिन, फिनी, सिबेलियस हे सगळे डेमोक्रॅटच. सिबेलियस यांनी २००६ मध्ये उपगव्हर्नरपदासाठी सोबतीला घेतलेले मार्क पार्किन्सन तर आधी राज्याच्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष होते. (पक्ष बदलत राहणाऱ्या, ‘आयाराम-गयाराम’वाल्या हरियाणाच्या गयालालांची आठवण येणं साहजिक आहे, पण पार्किन्सन एकदा गेले ते परत फिरले नाहीत.) २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच मतदारांनी त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नर म्हणून केली यांना निवडलं आणि सिनेटसाठी रिपब्लिकन जेरी मोरन यांना ६० टक्के मतं दिली. आपल्याकडे ‘लोकसभेला एक बटण, विधानसभेला दुसरं’ म्हणतात, तसं. फक्त इथे दोन्ही बटणं एकाच दिवशी. आणि विधिमंडळात दोन तृतीयांश रिपब्लिकन, त्यामुळे बाईंनी नकाराधिकार वापरायचा आणि सभागृहानं तो खोडून काढायचा, हा खेळ चालूच.

आता मुख्य अडचण: कन्झर्वेटिव्ह.

मराठीनं हा शब्द पहिल्यांदा पचवला तो ब्रिटनच्या पक्षासाठी, आणि फार झकास पचवला. लेबर पार्टी म्हणजे मजूर पक्ष, कन्झर्वेटिव्ह पार्टी म्हणजे हुजूर पक्ष. ॲटली मजूर, चर्चिल हुजूर. यमक जुळलं, अर्थही जुळला. ‘हुजूर’ हा ‘हाजिर’च्याच कुळातला अरबी शब्द. मूळ अर्थ समक्षता, त्यावरून दरबार, त्यावरून खुद्द धनी. पेशव्यांची खासगी पागा ती हुजूरपागा. तेव्हा उमरावांचा, गादीशी इमान राखणारा पक्ष तो हुजूर पक्ष. पण कॅन्ससच्या माणसाला हुजूर म्हणाल तर तो चकितच होईल. त्याचं सगळं राजकारण हुजुरांपासून चार हात लांब राहण्याचं. सरकार, मग ते वॉशिंग्टनचं असो की कॅन्ससची राजधानी टोपेकाचं, जितकं कमी अंगणात येईल तितकं बरं.

‘सनातनी’ची अडचण दुसरी. हा शब्द आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भांडणातून आला आणि त्याची जोडी ‘सुधारक’ या शब्दाशी आहे. आगरकरांनी १८८८ साली पत्र काढलं त्याचं नावच ‘सुधारक’. म्हणजे सनातनी हे धर्माचं आणि रूढीचं विशेषण आहे, करांचं किंवा बंदुकीच्या परवान्याचं नव्हे. ‘पुराणमतवादी’चंही तेच, शिवाय त्यात एक कुजका वास आहे. ते आपण दुसऱ्याला म्हणतो, स्वतःला कोणी म्हणवत नाही. कॅन्ससचा माणूस स्वतःला कन्झर्वेटिव्ह म्हणवून घेतो, आणि छाती पुढे काढून म्हणवून घेतो. ज्या शब्दात अभिमान आहे त्याचं भाषांतर शिवीनं करू नये.

मी २०२२ च्या उन्हाळ्यात लेकीकडे ओव्हरलँड पार्कला होतो. कॅन्सस सिटीचं हे उपनगर (कॅन्सस सिटीचा मोठा भाग शेजारच्या मिझुरीत आहे, ही त्या शहराची आणखी एक खोड). ते ज्या जॉन्सन काउंटीत येतं ती सधन आणि शिकलेली, पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन. १९१६ नंतर थेट २०२० मध्ये तिनं अध्यक्षपदाला डेमोक्रॅट निवडला. गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण राज्याच्या घटनेतून काढणाऱ्या दुरुस्तीवर २ ऑगस्टला मतदान होतं आणि घरोघरच्या हिरवळीवर पाट्या रोवलेल्या. जांभळ्या पाट्यांवर ‘व्हॅल्यू देम बोथ’, म्हणजे आई आणि बाळ दोघांनाही जपा: घटनादुरुस्तीला ‘हो’ म्हणा. दुसऱ्या बाजूच्या पाट्यांवर नुसतं ‘व्होट नो’.

लेकीच्या घरासमोर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. मूळचे पश्चिमेकडचे, वडिलांची गव्हाची शेती. त्यांच्या हिरवळीवर एका रिपब्लिकन उमेदवाराची पाटी आणि तिला खेटून ‘व्होट नो’. मी दोन दिवस येता-जाता बघितलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, ही पाटी सूनबाईंची का? ते पाइपनं झाडाच्या बुंध्याला पाणी देत होते. म्हणाले, माझीच. मी कन्झर्वेटिव्ह आहे, सरकारनं माझ्या बंदुकीत लक्ष घालायचं नाही, शाळेत माझ्या नातवाच्या तोंडाला काय बांधायचं ते सांगायचं नाही, मग डॉक्टरच्या खोलीत ते कशाला हवं? एवढं बोलून पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. विषय संपला.

रात्री फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे बंडखोर?’ नाही गं, म्हटलं, पक्का निष्ठावंत.

या गृहस्थांना सनातनी म्हणा बरं! जमत नाही. आणि ते काही एकटे नव्हते. ‘नो’च्या बाजूच्या जाहिरातींत ‘गव्हर्नमेंट मँडेट’ हेच शब्द ठळक होते. इथे भाषांतरकाराला आणखी एक खड्डा आहे. ‘मँडेट’ दिसलं की आपला हात आपोआप ‘जनादेश’कडे जातो. इथे अर्थ बरोबर उलटा, सरकारी सक्ती. लोकांनी सरकारला दिलेला तो जनादेश, सरकारनं लोकांवर लादलेली ती सक्ती. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द.

‘सरकारनं घरात डोकावू नये’ हा युक्तिवाद मराठी माणसाला परका नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला तो, परक्या सरकारनं आमच्या चालीरीतींत कायद्यानं हात घालू नये, या मुद्द्यावर. आगरकर कायद्याच्या बाजूनं. त्या भांडणात सरकारला लांब ठेवण्याचा मुद्दा सनातन्यांच्या कामी आला. कॅन्ससमध्ये तोच मुद्दा सनातन्यांच्या विरोधात गेला. म्हणून ‘सरकार नको’ आणि ‘रूढी हवी’ या दोन गोष्टी एका शब्दात कोंबू नयेत. इंग्रजीतला ‘कन्झर्वेटिव्ह’ त्या दोन्ही पोटात घेऊन फिरतो, आणि २ ऑगस्टला त्या पोटातल्या पोटात भांडल्या.

तेव्हा माझं मत असं. सगळ्यांना मिळून एकच शब्द हवा असेल तर ‘उजवे’ लिहा. वर्तमानपत्रांनी तो रुळवला आहे आणि त्यात धर्माचा वास नाही. चर्च, कुटुंब, गर्भपात याच बाबतीत बोलायचं असेल तर ‘परंपरावादी’. कर आणि खर्चाबद्दल बोलायचं असेल तर सरळ वाक्य करा: सरकारचा हात आखडता असावा म्हणणारे. रिपब्लिकन ब्राउनबॅक गव्हर्नर असताना २०१२ साली आयकरात मोठी कपात झाली, धंद्याच्या उत्पन्नावरचा कर कित्येकांना माफ झाला, तिजोरीला भगदाड पडलं. शेवटी २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळानं आपल्याच गव्हर्नरचा नकाराधिकार खोडून ती कपात मागे घेतली. हे करणारे ‘मॉडरेट रिपब्लिकन’. त्यांना मराठीत आयता शब्द आहे, मवाळ. समोरच्यांना जहाल. फक्त लक्षात ठेवा, आपले जहाल सरकारशी भांडायचे, कॅन्ससचे जहाल स्वतः सरकारात होते.

जाता जाता ‘प्रायमरी’. ‘प्राथमिक निवडणूक’ वाचलं की मला शाळेचा फळा दिसतो. ‘उमेदवारीची निवडणूक’ म्हणावं. आपल्याकडे तिकीट श्रेष्ठी देतात, तिथे पक्षाचे नोंदणीकृत मतदार देतात, एवढाच काय तो फरक. हा फरक या गोष्टीतही महत्त्वाचा आहे. घटनादुरुस्तीचं मतदान मुद्दाम ऑगस्टच्या या उमेदवारीच्या निवडणुकीला जोडलं होतं. कुठल्याच पक्षात नाव नसलेले मतदार त्या दिवशी सहसा घरीच असतात. त्या दिवशी ते आले. नऊ लाखांवर मतं पडली.

आता माझी शंका. ‘गर्भपाताच्या बाजूने कौल’ हे सैल आहे, कारण मतपत्रिकेवर तो प्रश्नच नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं होतं की कॅन्ससची घटना गर्भपाताच्या हक्काला संरक्षण देते. ते संरक्षण काढून टाकणारी दुरुस्ती करायची का, हा प्रश्न होता. सुमारे ५९ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं. म्हणजे जे आहे ते राहू दे म्हटलं.

‘कौल’ मात्र ठेवा. तो लेखकाच्या हातून बहुधा सवयीनं पडला आहे, पण इतका चपखल शब्द शोधून सापडला नसता. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या चिकटवायच्या, मनात प्रश्न धरायचा, आणि पडेल त्या बाजूवरून हो की नाही ते समजून घ्यायचं. उजवीकडची पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डावीकडची पडली तर डावा कौल, म्हणजे नकार. वाक्य मी असं लिहीन: ‘रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असलेल्या कॅन्ससमधल्या उजव्या मतदारांनीही मोठ्या संख्येनं २०२२ मध्ये गर्भपाताचं संरक्षण काढून घेणाऱ्या घटनादुरुस्तीला डावा कौल दिला.’ संपादकानं ‘उजव्या’ आणि ‘डावा’ एकाच वाक्यात नकोत म्हणून काट मारली, तर त्याला सावंतवाडीकडच्या एखाद्या देवळात नेऊन आणा.