टाचेतला खिळा आणि दिवेघाट

प्रश्न : ताई, माझं वय ५४, राहते साताऱ्यात. यंदा आमच्या भिशीतल्या सहा जणी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालणार आहोत. त्यासाठी फेब्रुवारीपासून चालायला लागले. पहिल्या दिवसापासून मोबाइलवर दहा हजार पावलं, त्यातली निम्मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर. आता तीन आठवडे झाले, सकाळी पलंगावरून उतरले की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-बारा पावलांनी कमी होतं, संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहिले की परत तेच. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसतंय. मैत्रिणी म्हणतात, चालणं बंद कर. जाऊबाई म्हणतात, चालून चालूनच जाईल. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मैत्रिणींचं ऐकू नका आणि जाऊबाईंचंही ऐकू नका.

‘उतरले की खिळा, दहा-बारा पावलांनी कमी’ हे वाक्य माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दर आठवड्याला कानावर पडतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. त्याचं टाचेकडचं टोक दुखावलं की असं होतं. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. वाढलेल्या हाडाची धास्ती सोडा. ज्यांची टाच जन्मात दुखलेली नाही अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेमध्येही ते असतं.

घोळ फेब्रुवारीत झालाय. काहीच चालत नव्हतात, ते एकदम दहा हजार, आणि तेही गडाच्या चढावर. चढताना पोटरीवर जोर येतो, पोटरी आखडली की तिचा ताण तळव्याला बसतो. (उतरताना गुडघ्यांची पाळी.) या दहा हजारांचं मूळ तरी काय? टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव खपलं आणि आकडा आपल्या मानगुटीवर बसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत पावलांचा आकडा नाहीच. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, एवढंच आहे. मध्यम दम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. वारीत तर सगळे गातच चालतात! तिथे वेग बेताचा असतो, पाय दुखावतात ते तासन्‌तास चालल्यामुळे.

आता तुमचं. गड महिनाभर बंद. सपाट रस्त्यावर, सकाळ-संध्याकाळ मिळून जेवढं निभेल तेवढंच चाला. मोजमाप आपलं जुनंच ठेवा : दुखणं सोळा आण्यांतलं चार आणे झालं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर दोन दिवस मागे या. कमी होत गेलं तर एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, वेळ तरी किंवा चढ तरी.

सकाळी पाय जमिनीला लावण्याआधी पलंगावरच बसून हातानं पायाची बोटं नडगीकडे ओढा, दहा अंक मोजा, असं दहा वेळा. एक दिवसाआड पायरीच्या कडेला चवडे टेकवा, बोटांखाली गुंडाळलेला नॅपकिन ठेवा, कठड्याला धरून टाचा सावकाश वर न्या, दोन अंक थांबा, सावकाश खाली आणा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण तेल चोळण्यापेक्षा उपयोगाचं आहे. आणि घरातही चपला घाला. देवघराचा प्रश्न असेल तर ओट्यापाशी एक मऊ जोड निराळा ठेवा. शहाबादी फरशीवर अनवाणी दोन तास पोळ्या लाटणं या टाचेला सोसत नाही.

हे दुखणं आठवड्यांत नाही, महिन्यांत जातं. इंजेक्शन घेऊन किंवा वेदनाशामक गोळी खाऊन सासवड गाठायचा बेत मात्र अजिबात नको. टाच रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, सुजली-लाल झाली असेल, मुंग्या येत असतील, तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पुणे-सासवड हा वाटेतला सगळ्यात दमवणारा टप्पा, जवळपास तीस किलोमीटर, आणि दिवेघाट पाय थकल्यावर समोर येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोनच दिवस आधी घेतलेले बूट घालून गेले. हडपसरला दोन्ही टाचांना फोड. घाटाच्या पायथ्याशी बूट हातात घेऊन बसले होते, तर शेजारच्या दिंडीतल्या आजी म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, जोडा आधी मुरवायचा असतो!” लोणच्यासारखा. तेव्हा तुमचे बूट आत्ताच घ्या, संध्याकाळी, पाऊल जरा फुगलेलं असताना, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत हवाच, पाऊस लागतोच. आणि जूनपर्यंत टाच बारा आणेही बरी नसेल, तर हडपसरपर्यंत चाला आणि पुढे गाडीत बसा. माउली रागावत नाहीत.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, पंधरा वर्षांपासून मधुमेह. नजर सुधारते म्हणून रोज सकाळी बागेत दवावर अनवाणी चालतात. चालू द्यावं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : चालू द्या, अनवाणी नको. गवतानं नजर सुधारत नाही. डोळ्यांसाठी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. जुन्या मधुमेहात अनेकदा तळव्याची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा, गरम पाण्यात पाय शेकू देऊ नका, आणि पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटकायची सवय लावा. माझ्या एका पेशंटच्या बुटात नातवाची गोटी दोन दिवस होती. ते तिच्यावरून चालत होते.