उन्हाळ्यात ए320 विमानाला ब्लीड लीकची (इंजिनातून काढलेली गरम, दाबाची हवा गळाल्याची) वॉर्निंग वारंवार का येते? उन्हामुळे सेन्सर फसतो का?

उन्हाळ्यात ती जास्त येते हे खरं. पण ऊन सेन्सरला फसवत नाही. वीस वर्षांपूर्वी हेच एका साहेबांना मी पटवू शकलो नव्हतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

तेव्हा मी नागपूरला लाइन मेंटेनन्सला (उड्डाणांच्या मधल्या तपासणी-दुरुस्तीला) होतो, लायसन्स नवीन होतं. मे महिना, पारा 45 च्या वर. दुपारी एक ए320 उतरलं, पीएफआरवर (उड्डाणानंतरच्या बिघाडांच्या यादीवर) उजव्या पंखाच्या लीकची नोंद. आम्ही पोचेपर्यंत वॉर्निंग गेलेली. साहेब म्हणाले, "अरे, मे महिना आहे. लूप तापला असेल. बीएमसी रिसेट कर, टेस्ट घे आणि सोड." लूप म्हणजे डक्टच्या, त्या गरम हवेच्या नळीच्या, बाजूने जाणारी सेन्सरची तार; बीएमसी म्हणजे ब्लीडवर लक्ष ठेवणारा संगणक. टेस्ट पास झाली. होणारच ना! इंजिनं बंद, डक्टमध्ये हवाच नाही, तर गळणार काय? ती टेस्ट लूपची तार शाबूत आहे का एवढंच सांगते, डक्टबद्दल अवाक्षर नाही. विमान गेलं. दुसऱ्या दिवशी टेकऑफनंतर तेच झालं, त्या बाजूचा ब्लीड आपोआप बंद पडला आणि विमान परत आलं.

पंखातला लूप 124 अंश सेल्सियसला ट्रिप होतो (लीकचा इशारा देतो), पायलॉनमधला (इंजिन पंखाला जोडणाऱ्या भागातला) 204 ला. आतलं क्षार वितळतं, तारेचा रोध एकदम कोसळतो, थंड झालं की पूर्ववत. उन्हात उभ्या विमानाचा पंख चटका देतो, पण नुसत्या उन्हाने 124 होत नाही. शिवाय पंखात लूप दोन असतात आणि दोन्ही चालू असतील तर दोघांनी सांगितल्याशिवाय वॉर्निंग लागत नाही. दोन्ही एकाच मिनिटाला खोटं बोलले, यावर तुमचा विश्वास बसतो का? माझा तेव्हाही बसला नाही.

ऊन एवढंच करतं: जानेवारीच्या सकाळी पंखाच्या आत 12 अंश असताना बारीक गळतीने लूपजवळ 80 होतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. मे महिन्यात सुरुवातच 55-60 पासून. त्यात प्रीकूलरला (ब्लीडची हवा गार करणाऱ्या भागाला) मिळणारी इंजिनाच्या फॅनची हवाच गरम, त्यामुळे डक्टमधलं तापमान 200 च्या आसपास धरून ठेवताना त्याची दमछाक होते. गळती तीच, पण आता 124 गाठते. म्हणजे ती हिवाळ्यातही होतीच.

दुसऱ्या दिवशी मी पॅनेल उघडायचा हट्ट धरला. साहेब चिडले, लूप बदलून मोकळे व्हा म्हणाले. दोन्ही लूप मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासले, उत्तम निघाले. मग लीडिंग एज, म्हणजे पंखाची पुढची कड, उघडली. एका जोडावर क्लॅम्प तिरका बसलेला, सील कडक पडलेलं, बाजूचं उष्णतारोधक ब्लँकेट हाताएवढ्या जागेत तपकिरी झालेलं. तो डाग एका दिवसाचा नव्हता. तिथून मागे स्पार (पंखाची मुख्य तुळई) आणि स्पारच्या मागे इंधन. "उन्हाळा आहे" म्हणून हे सोडून द्यायचं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वॉर्निंग खरी माना, आधी डक्ट बघा. रंग बदललेलं ब्लँकेट, सरकलेला क्लॅम्प, सैल सील. नंतर डक्टमध्ये दाब भरून गळती तपासा. डक्टवरच्या वेष्टणाची छिद्रं लूपकडेच तोंड करून आहेत ना, तेही बघा. मागच्या वेळी कुणी फिरवून बसवलं असेल, तर खरी गळतीसुद्धा लूपला उशिरा कळते.

एक सांगायचं राहिलं. लूप कधीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरते, तार घासते, लूप वाकवून बसवलेला असतो. तेव्हा तक्रार बहुधा एकाच लूपची येते आणि मेगर ती पकडतो. 737 ची रचना वेगळी, तिथे हे आकडे लावू नका. आणि काम मॅन्युअलप्रमाणेच करा, माझ्या उत्तरावरून नाही.

त्या दिवशी टेक लॉगमध्ये (विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत) मीच लिहिलं: सील बदललं, क्लॅम्प पुन्हा बसवला, गळती चाचणी समाधानकारक. लूप जुनेच ठेवले होते. पुढचे तीन आठवडे नागपूरचं ऊन तसंच होतं, पण त्या पंखाची वॉर्निंग पुन्हा आली नाही.