फुटबॉल मॅचमध्ये कोणी वारलं तर लोक टाळ्या का वाजवतात? हा अपमान नाही का?

तुम्ही लिहिलंय की लिव्हरपूलची मॅच बघत होता, २०वं मिनिट लागलं, ना गोल ना फाऊल, तरी सगळं स्टेडियम गायला लागलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि नंतर कळलं की ते एका वारलेल्या प्लेअरसाठी होतं, तर गेलेल्या माणसासाठी टाळ्या कशा काय वाजवतात. २० हा लिव्हरपूलच्या डिओगो जोटाचा नंबर. जुलै २०२५ मध्ये स्पेनमध्ये कार अपघातात तो आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा दोघंही गेले. क्लब आता तो नंबर कोणालाच देत नाही आणि लोक २०व्या मिनिटाला त्याचं गाणं म्हणतात. एवढं सोपं आहे. टाळ्यांचं मात्र जरा लांबड आहे.

आधी शांतता होती. मॅचच्या सुरुवातीला प्लेअर मधल्या गोलाभोवती उभे राहतात, दंडाला काळी पट्टी, रेफरी शिट्टी मारतो आणि एक मिनिट सगळं गप्प. मी टीव्हीवर हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं चुकून म्यूट दाबलं गेलं, रिमोट शोधायला लागलो, आणि मग कुठेतरी कोणीतरी खोकलं, एक लहान पोर रडलं, झेंड्याचं कापड फडफडलेलं ऐकू आलं, तेव्हा लक्षात आलं की आवाज चालू आहे, माणसंच गप्प आहेत. एरवी जे पब्लिक रेफरीच्या आईबापाचा उद्धार करतं तेच पब्लिक. परत शिट्टी झाली आणि असा काही आवाज फुटला की अंगावर काटा आला.

पण या शांततेची गोची अशी की हजारो लोक गप्प राहिले तरी चारदोन जणांनी ओरडून ती घालवता येते. आणि फुटबॉलमध्ये असे चारदोन कायम असतात, समोरच्या टीमचे असतील तर विचारूच नका. टाळ्यांचं तसं नाही, कोणी काही बरळलं तरी टाळ्यांच्या आवाजात बुडून जातं. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा जुना स्टार प्लेअर जॉर्ज बेस्ट गेला तेव्हा काही मैदानांवर शांततेऐवजी मिनिटभर टाळ्या वाजवल्या गेल्या आणि तिथून ही पद्धत तिकडे रुळली. इटलीत तर ती आधीपासूनच होती, तिकडे अंत्यविधीला चर्चमधून शवपेटी बाहेर आणली की बाहेर थांबलेले लोक टाळ्या वाजवतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच, तिथे ती टाळी वाहवा म्हणून नसते, निरोप म्हणून असते.

इटलीचंच एक सांगतो. मार्च २०१८ मध्ये फ्लोरेन्सचा क्लब फिओरेंटिनाचा कॅप्टन डाविडे आस्तोरी मॅचच्या आदल्या रात्री हॉटेलच्या रूममध्ये झोपेतच गेला, वय ३१. फ्लोरेन्समध्ये अंत्यविधीला युव्हेंटस क्लबचे प्लेअर बुफोन, किएलिनी वगैरे आले, आदल्या रात्री लंडनमध्ये मॅच खेळून थेट. आता फिओरेंटिना आणि युव्हेंटसचं किती वाकडं आहे हे इटालियन फुटबॉल बघणाऱ्याला सांगायला नको, आणि तरी चर्चबाहेरच्या गर्दीने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग ११ मार्चला घरच्या मैदानावर बेनेव्हेंटोशी मॅच होती, आस्तोरीचा नंबर १३, म्हणून १३व्या मिनिटाला खेळ थांबवला. ती मॅच १-० ने जिंकली आणि गोल कोणी मारला तर व्हिटर ह्युगोने, त्याचा नंबर ३१, म्हणजे १३ उलटा. गोल मारून त्याने सॅल्यूट ठोकला. योगायोगच आहे, पण मला तो व्हिडिओ अजूनही धड बघवत नाही.

तरी माझं मत विचाराल तर मला शांतताच जास्त पटते, कारण ती अवघड आहे. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यात मँचेस्टर युनायटेडचे ८ प्लेअर. ५० वर्षं झाली तेव्हा फेब्रुवारी २००८ मध्ये युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, नेमकी त्याच शहरातल्या वैऱ्याशी, मँचेस्टर सिटीशीच मॅच आली. सगळ्यांना धाकधूक, सिटीच्या फॅन्सपैकी कोणी ओरडलं तर काय. त्याच आठवड्यात वेम्बलीवर इंग्लंडच्या मॅचमध्ये काहींनी आरडाओरडा केल्यामुळे म्युनिकच्या मृतांसाठीची शांतता आटोपती घ्यावी लागली होती. सिटीच्या फॅन्सच्या संघटनेनेच सुचवलं की टाळ्या ठेवा, पण युनायटेड शांततेवर अडून राहिलं. आणि सिटीचे लोक गप्प राहिले, गळ्यातले स्कार्फ वर धरून. (त्या विमानात सिटीचा जुना गोलकीपर फ्रँक स्विफ्टही होता, तेव्हा तो पत्रकार झाला होता, तोही गेला, हे पुष्कळांना माहीत नसतं.) तिथे टाळ्या ठेवल्या असत्या तर सिटीवाले खरंच गप्प बसले असते का हे कधीच कळलं नसतं.

हिल्सबरोबद्दल लिहायला बसलो तर उत्तर संपणार नाही. १५ एप्रिल १९८९, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या इंग्लिश स्पर्धेची सेमीफायनल, लिव्हरपूलच्या फॅन्समध्ये चेंगराचेंगरी, आज मृतांचा आकडा ९७ धरतात कारण शेवटचा माणूस त्या जखमांनी २०२१ मध्ये गेला. चारच दिवसांनी मिलानमध्ये एसी मिलानची रेआल माद्रिदविरुद्ध मॅच होती, रेफरीने खेळ थांबवला आणि इटालियन लोकांनी लिव्हरपूलचं गाणं गायलं, भाषा दुसरी, क्लब दुसरा. लिव्हरपूलमध्ये क्लबच्या मैदानाचं, ॲनफिल्डचं, गवत फुलांनी झाकलं गेलं, आणि शहरातल्या दुसऱ्या क्लबच्या, एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानापासून मधली बाग ओलांडून ॲनफिल्डपर्यंत लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना गाठी मारून जोडत नेले.

शापेकोएन्सेचं तर वेगळंच. नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्राझीलची ही टीम फायनल खेळायला कोलंबियात जात असताना विमान पडलं, ७१ जण गेले. मॅच ज्या वेळी सुरू होणार होती त्याच वेळी मेदेयिनच्या स्टेडियममध्ये हजारो लोक पांढरे कपडे घालून मेणबत्त्या घेऊन बसले, मॅच नसताना. आणि समोरच्या क्लबने, ॲटलेटिको नॅशनलने, कप त्यांनाच द्या म्हणून सांगितलं, दिलाही.

श्रद्धांजलीला स्टँडमध्ये मोठी चित्रं असतात त्याचंही जाता जाता सांगतो. स्टँडभर नाव किंवा नंबर दिसतो ना, तर प्रत्येक सीटवर आधीच एकेक रंगीत कार्ड ठेवलेलं असतं, ते डोक्यावर धरायचं. धरणाऱ्याला समोर फक्त कार्डाची पाठ दिसते, चित्र दिसतं ते पलीकडच्या स्टँडला. काय दाखवलं ते आपल्याला घरी जाऊन फोटोत बघायचं.

हल्ली या मिनिटांचा थोडा अतिरेक होतोय हे मात्र मान्य. वारलेल्या फॅनच्या वयाच्या मिनिटालाही टाळ्या असतात, घरच्यांसाठी ते मोठं असतंच, पण एकाच मॅचमध्ये दोनतीन वेळा झालं की शेजारी शेजाऱ्याला विचारतो, आता कोणासाठी? तरी वाजवतो.

आणि काही मिनिटं वर्षानुवर्षं टिकतात. बार्सिलोना शहरातलाच दुसरा क्लब एस्पान्योल, त्याचा कॅप्टन दानी हार्के ऑगस्ट २००९ मध्ये वारला, वय २६, नंबर २१, तेव्हापासून तिथे २१व्या मिनिटाला टाळ्या असतात. २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये स्पेनच्या इनिएस्टाने गोल मारून जर्सी काढली तर आतल्या बनियनवर हार्केचं नाव, त्यासाठी यलो कार्डही खाल्लं. इनिएस्टा बार्सिलोनाचा, म्हणजे एस्पान्योलच्या शत्रूचा. त्या डिसेंबरमध्ये तो एस्पान्योलच्या मैदानावर आला, बार्सिलोनाने ५-१ ने धुतलं, आणि तरी तो बाहेर जायला लागला तेव्हा तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.