पती जाऊन पाच महिनेच झाले असताना मॅरेथॉन पळावी का?

तुम्ही लिहिलंय की पती जाऊन पाच महिने झाले, शर्यतीला दहा आठवडे उरलेत, नावं दोघांनी मिळून आधीच नोंदवली होती, लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वात लांब धाव, १८ किलोमीटरपर्यंत पोचलाय आणि घरचे म्हणतायत, एवढ्यात कशाला. पळू की नको, इतकाच तुमचा प्रश्न. पण शेवटी एक वाक्य टाकलंय, 'ही शर्यत मी त्यांच्यासाठी पूर्ण करणार आहे.' त्या वाक्यावर मी अडकले. दोन दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

पळा किंवा राहू द्या, दोन्ही चालेल. त्यांच्यासाठी मात्र पळू नका.

माझा नवरा अपघातात गेला तेव्हा आमच्या शर्यतीला सात महिने होते. ती माझी पहिली फुल मॅरेथॉन, त्याची सहावी. पळायला मला त्यानंच लावलं होतं. तो गेल्यावर तीन आठवडे मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. मग एका पहाटे पाच दहाला कपाटाच्या खणात काहीतरी गुरगुरायला लागलं. त्याचं पळायचं घड्याळ. आदल्या दिवशी त्याच्या वस्तू हाताळताना मीच ते चार्जिंगला लावलं होतं. गजर बंद करायला उठले आणि ते मनगटावर चढवलं. पट्ट्यावर त्याच्या घामाचे पांढरे ओघळ सुकलेले होते. शेवटच्या भोकात अडकवलं तरी ते माझ्या हातावर फिरत होतं. तसंच घालून बाहेर पडले, दोन किलोमीटर पळाले, चार चालले. त्या दुपारी तीन आठवड्यांत पहिल्यांदा सलग दोन तास झोप लागली.

म्हणून पळण्याविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. त्या दिवसांत पळण्यानं मला उभं ठेवलं.

चूक पुढे झाली. माझं स्वतःचं घड्याळ होतं, ते मी काढून ठेवलं आणि शर्यतीपर्यंत त्याचंच वापरलं. आत सगळं त्याचं होतं: नाव, वय, वजन, हृदयाच्या ठोक्यांचे टप्पे. आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायची आठवण, दोन छोटे झटके. त्याला विलक्षण घाम यायचा, टोपीच्या कडेतून निथळायचा, आणि पळायच्या नादात तो पाणी विसरायचा. त्यामुळे मीच मागे लागून ती आठवण लावायला लावली होती. मी त्यातलं काहीही बदललं नाही. मनगटाला दोन झटके बसले की मी प्यायचे. कुणीतरी हात दाबून 'पी' म्हणतंय असं वाटायचं. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

तोवर आमच्या रनिंग ग्रुपनं टी-शर्ट छापून घेतले होते. वीस जणांच्या छातीवर त्याचा हसरा फोटो, खाली त्याचं नाव. कोच म्हणाले, "त्याच्यासाठी पळायचं, तो बघतोय." मन चांगलंच होतं सगळ्यांचं. पण मला विचारलं नव्हतं, आणि मलाही नको म्हणता आलं नाही. मागे वळलं की तो, पुढे बघितलं की तो. अशा वेळी पाय दुखतोय म्हणून कोण थांबेल?

शर्यतीच्या दिवशी हवा थंड आणि ढगाळ होती, घाम जेमतेम. प्रत्येक झटक्याला मी प्यायले, कधी एक पेला, कधी दोन. तो साधारण पावणेचार तासांत संपवायचा, म्हणजे त्याच्या पाण्याच्या पंधरा वेळा व्हायच्या. मला ३४ किलोमीटरलाच पावणेपाच तास झाले होते. एकोणीस वेळा. वजनानं मी त्याच्या दोन-तृतीयांशही नाही.

सव्विसाव्या किलोमीटरपासून मळमळत होतं, डोकं दुखत होतं, पोट डबडबलेलं. मग बोटं जड झाली आणि अंगठी रुतायला लागली. नेहमीच्या सवयीनं ती फिरवायला गेले तर हलेना, दोन्ही बाजूंनी कातडी फुगून वर आली होती. मला वाटलं, हे दुःख आहे. आज इथे ते बाहेर पडतंय. आणि दुःख आहे म्हटल्यावर थांबायचं कशाला, ते सोसायलाच तर आलेय. पुन्हा झटके बसले, पुन्हा प्यायले.

३४ ला एका स्वयंसेवकानं मला वेडंवाकडं चालताना पाहिलं आणि दंड धरून मेडिकल टेंटमध्ये नेलं. वजन केलं तर सकाळपेक्षा सव्वा किलो जास्त. एवढं पळून वजन वाढलं, हे ऐकून मला आकडा चुकला असंच वाटलं. जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, पातळ झालं होतं, १३० निघालं. ते १३५ ते १४५ असावं लागतं. डॉक्टरांनी आधी हातातली बाटली काढून घेतली, एक थेंब पाणी प्यायचं नाही म्हणाल्या, कपभर खारट सूप दिलं आणि मला नजरेखाली ठेवलं. शर्यत तिथेच संपली. मी वेळेवर सापडले. सोडियम आणखी उतरलं की मेंदूला सूज येते, आकडी येते, माणूस जातो. हे काही लाखात एखाद्याला होतं असंही नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं होतं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम पातळीच्या खाली होतं. धोका कुणाला जास्त, तर पळताना ज्यांचं वजन वाढतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागतात त्यांना. मी दोन्हीत बसत होते. बाकी कोरड पडण्याची भीती सगळे घालतात, जास्त पिण्याबद्दल मला एकानंही सांगितलं नव्हतं.

आता टेंटमधली खरी गोष्ट. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या, मागे आपत्कालीन संपर्काची चौकट असते. आदल्या रात्री पेन घेऊन ती मीच भरली होती. त्याचा नंबर लिहिला होता. लिहिताना मनात काहीसुद्धा आलं नाही. मला पाठ असलेला तो एकच नंबर होता. तिथल्या मुलीनं बिब उलटा केला आणि फोन लावला. "मॅडम, रिंग जातेय, उचलत नाहीत." त्याचा फोन मी चालू ठेवला होता, घरी टेबलावर असायचा. तिला थांब म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. तिनं परत लावला. परत. चौथ्यांदा कुणीतरी उचलला.

माझ्या मोठ्या नणंद, ताई. त्या दिवशी माझ्या मुलीजवळ थांबल्या होत्या. मुलीनं नंतर सांगितलं, आत्या तीन वेळा त्या वाजणाऱ्या फोनसमोर नुसती उभी होती. पडद्यावर अनोळखी नंबर, आणि फोन त्यांच्या भावाचा.

त्या आल्या, मला घरी घेऊन गेल्या, रात्रभर जागल्या. आणि दोन दिवसांनी म्हणाल्या, "बघ, शरीरानंच सांगितलं तुला. वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस. तू दुःखापासून पळत होतीस." हे त्या सुरुवातीपासून म्हणत होत्या, आजही म्हणतात. तुमच्या घरचे 'एवढ्यात कशाला' म्हणतायत त्यात मला ताईच ऐकू आल्या, म्हणून नीट उत्तर देते.

पहिलं म्हणजे, वर्ष हा आकडा कुठून आला? ताई म्हणायच्या, डॉक्टरसुद्धा वर्ष म्हणतात. अमेरिकन मानसोपचाराच्या पुस्तिकेत २०२२ मध्ये लांबलेल्या शोकाचं निदान आलं, त्यात मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तीच अट सहा महिन्यांची आहे. कुणाचा शोक अडकून बसलाय हे ओळखण्यासाठीची ती मुदत. तोवर माणसानं घरात बसून राहावं असं तिथे कुणीही म्हटलेलं नाही.

दुसरं, दुःखापासून पळण्याचं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, ती वाचली तेव्हा मला माझी बाजू सापडल्यासारखं झालं. शोकातलं माणूस काही वेळ गेलेल्या माणसापाशी असतं आणि काही वेळ पुढच्या जगण्यापाशी, आणि ही ये-जा हेच सावरणं, असं ते म्हणतात. सतत दुःखातच राहिलं तर माणूस बुडतं, सतत बाहेरच राहिलं तरी काहीतरी तुंबतं. मग रोज दीड तास बाहेर जाऊन येण्यात पळपुटेपणा कुठला? मी परत घरीच येत होते. त्याच कपाटापाशी.

माझं चुकलं ते निराळं. पळणं हा माझा बाहेरचा दीड तास होता आणि तिथेही मी त्यालाच नेऊन बसवलं. त्याचं घड्याळ, त्याचं पाणी, वीस छातींवर त्याचा चेहरा. ये-जा करायला जागाच उरली नाही. अंगठी रुतली तेव्हा ते पाण्यामुळे आहे हे मला कळलं नाही, कारण तोवर अंगात जे जे होईल त्याचा अर्थ मी एकच लावत होते. ताईंना हे मी अनेकदा सांगितलंय. त्यांना पटलेलं नाही. तुम्हाला तरी पटावं.

तर तुमच्या दहा आठवड्यांबद्दल. १८ वरून ३० पर्यंत जाऊन शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे सराव कमी करत आणणं, हे जमतं, पण एखादा आठवडा आजारपणात गेला तर गणित फिसकटतं. आणि या वर्षी असे आठवडे जातात. मी तुमच्या जागी असते तर हाफमध्ये बदलून मिळतं का ते आधी विचारलं असतं, किंवा पुढच्या वर्षीवर ढकलता येतं का ते. फुलच पळायची तर सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. झोप नसलेल्या दिवसांत माझी दहा-बारा ठोक्यांनी जास्त यायची आणि मी घड्याळाला दोष द्यायचे. तुमची नेहमीपेक्षा सात-आठनं वर असेल तर त्या दिवशी वेगाचा सराव सोडा, चालून या. तहान लागेल तेव्हा प्या. शर्यतीच्या दिवशी दुखण्याच्या गोळ्या नकोत, मूत्रपिंडांवर ताण येतो. टी-शर्ट कुणी छापत असेल तर आत्ताच थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

हेही लिहायला हवं होतं ते राहिलं, सुरुवातीलाच यायला हवं होतं: डॉक्टरांना दाखवून, ईसीजी काढूनच पुढे जा. दुःखाच्या धक्क्यानं हृदयाचा एक भाग फुग्यासारखा फुगून नीट आकुंचन पावत नाही, असा आजार खरोखर असतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून 'ताकोत्सुबो' नाव दिलं, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो सर्वाधिक दिसतो. छातीत दुखलं, धाप लागली तर ते 'मनाचं' म्हणून सोडून देऊ नका. आणि जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर आधी तज्ज्ञांकडे. बूट नंतर.

ताईंबद्दल मी वर जे लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. पण भाऊ त्यांचाही गेला होता, आणि त्या सात महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही कशा आहात.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पळाले, माझ्या घड्याळावर, साधा निळा टी-शर्ट घालून. पाच तास बावन्न मिनिटं. मध्ये तासभर तो आठवलाच नाही, आणि शेवटच्या वळणावर आठवला तेव्हा पायात पेटके होते, म्हणून आधी पेटक्यांकडे बघितलं. घरी येऊन रडले.

बिबच्या मागची चौकट रात्री घाईत भरू नका. फोन उचलेल अशा माणसाचा नंबर लिहा आणि त्याला आधी सांगून ठेवा. मी आता ताईंचा लिहिते. पाठ केलाय.