टपालाने येणारी राणीमाशी

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या सातेरी (देशी मधमाशीच्या) मधपेटीतील राणी मेली आहे. मीलन झालेली राणी टपालाने मागवावी काय?

उत्तर : जरूर मागवा, मात्र आधी जात विचारून घ्या, मेलिफेरा या परदेशी जातीची राणी सातेरीच्या पेटीत चालत नाही. राणी लहान पिंजरीत काही कामकरी माश्यांसह येते आणि पिंजरीच्या तोंडाशी मध व पिठीसाखरेची घट्ट गोळी असते. पेटीतले नवे राणीकोष (नवी राणी वाढवण्यासाठी माश्यांनी बांधलेली घरे) मोडून पिंजरी दोन चौकटींमध्ये अडकवा आणि ती गोळी कुरतडून माश्यांनाच राणीची सुटका करू द्या, कारण परक्या गंधाच्या राणीला घाईने सोडल्यास त्या तिच्याभोवती गोळा होऊन तिला मारतात. ताज्या अंड्यांपासून माश्या स्वतःही सुमारे १६ दिवसांत राणी घडवतात; पण आपल्याकडच्या आषाढझडीत तिला मीलनासाठी उडता येत नाही, म्हणून पावसाळ्यात विकतची राणीच मला खात्रीची वाटते.