अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मनात येईल ते करू शकतात का? आपल्या पंतप्रधानांपेक्षा त्यांच्याकडे जास्त सत्ता असते का?

कायदे करण्यापुरतं बोलायचं तर उलटंच आहे. लोकसभेत स्पष्ट बहुमत असलेले आपले पंतप्रधान त्या बाबतीत कितीतरी मोकळे असतात. ते संसदेतलेच, खासदार त्यांच्याच पक्षाचे, वर व्हिप आणि पक्षांतरबंदी कायदा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष तिथल्या संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्यच नसतात. स्वतः विधेयक मांडता येत नाही आणि स्वपक्षाच्या सिनेटरने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याने, विरोधात मत दिलं तरी त्याची जागा जात नाही. नकाराधिकार आहे, पण दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं पडली की तोही निकालात निघतो.

खरी ताकद दिसते ती सैन्य आणि परराष्ट्र व्यवहारात. डिसेंबर १९७१ मध्ये निक्सन यांनी एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडली, त्यासाठी काँग्रेसचं मत घ्यावं लागलं नाही. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलाय खरा, पण तिने तो शेवटचा वापरला १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही सगळी युद्धं औपचारिक घोषणेविना झाली. १९७३ मध्ये काँग्रेसने कायदा करून राष्ट्राध्यक्षांवर सैन्य लढाईत उतरवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवण्याचं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबण्याचं बंधन घातलं. माझ्या मते ते बंधन कागदावरच जास्त आहे.

पण परदेशाशी केलेल्या व्यवहाराला कायद्यात बदल लागणार असेल, तर हेच राष्ट्राध्यक्ष अडतात. भारत-अमेरिका अणुकरार आठवा. जुलै २००५ मध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये घोषणा केली. त्यानंतर बुश यांना काँग्रेसकडून २००६ मध्ये एक कायदा करून घ्यावा लागला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये कराराला पुन्हा मंजुरी मिळवावी लागली. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ मतं पडली. आपल्याकडे कराराला संसदेची मंजुरी लागतच नव्हती, पण डाव्यांनी पाठिंबा काढल्यावर सरकारच पणाला लागलं आणि २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरलं. म्हणजे तिकडे करार बुडाला असता तरी बुश खुर्चीवर राहिले असते; इकडे ठराव हरला असता तर मनमोहन सिंग घरी गेले असते. दोन पदांमधला फरक मला यात सगळ्यात स्वच्छ दिसतो.

मग बातम्यांत येणारे ते सह्या केलेले आदेश? कायद्याचा किंवा घटनेचा आधार असेल तेवढेच ते टिकतात, आणि पुढचा राष्ट्राध्यक्ष ते एका सहीने रद्द करू शकतो. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना संप टाळायला ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत ते बेकायदा ठरवलं.

आपल्या आयटीवाल्यांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एका घोषणापत्राने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं. पण रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा, ती काँग्रेसच्या कायद्यात आहे. तेव्हा 'अमुक निवडून आला की ग्रीन कार्डची रांग संपेल' असं कुणी सांगितलं तर फारसं मनावर घेऊ नका.

राष्ट्राध्यक्षांना हटवणं मात्र महाकठीण. महाभियोग कनिष्ठ सभागृहात साध्या बहुमताने मंजूर होतो, पण दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले, पुढे क्लिंटन सुटले, ट्रम्प दोनदा सुटले. निक्सन यांनी तिथवर वेळ येण्याआधीच राजीनामा दिला, आणि महिन्याभरात त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी त्यांना माफी देऊन टाकली. त्या माफीसाठी कुणाच्याही मंजुरीची गरज नव्हती.