बायल्या म्हणजे समलिंगी का?

प्रश्न सोलापूरच्याच एका कॉलेजकन्येचा. एका हिंदी विनोदी सिनेमाबद्दल लिहिताना तिने 'नायकाचा बायल्या मित्र' असं लिहिलं. सरांनी ते खोडून 'समलैंगिक मित्र' केलं. अर्थ तोच, मग खोडलं कशाला?

अर्थ तोच नाही. खोडलं ते बरं केलं, पण त्या जागी घातलेला शब्दही तपासावा लागेल.

बायल्याच्या पोटात 'बाईल' आहे, म्हणजे बायको. तुकोबांचं 'बाईल मेली मुक्त जाली' आठवा. बायल्या म्हणजे बायकी वळणाचा, नाहीतर बायकोच्या तंत्राने चालणारा. बाईलबुद्ध्या हा त्याचाच भाऊबंद. आता गंमत बघा: बायकोच्या मुठीत राहणाऱ्याला हिणवायचा शब्द, आणि तो आपण चिकटवतो ज्याला बायकोच नको आहे त्याला! चालण्याबोलण्याचा हा शब्द. मन कुणावर बसतं याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ही गल्लत घट्ट केली विनोदी सिनेमाने, असं माझं मत. मनाची ओढ दाखवायला वेळ लागतो, मुरडलेलं मनगट एका क्षणात कळतं. 'दोस्ताना'तले (2008) दोघे नायक चांगले पीळदार. घर भाड्याने मिळावं म्हणून ते समलिंगी असल्याचं सोंग घेतात, आणि सोंग म्हटलं की लचक आलीच. थेटरात माझ्या मागून आवाज आला, "बायल्या झालं की बे!" 'कल हो ना हो'मध्ये (2003) तर दोघा नायकांपैकी कुणीच समलिंगी नाही, हशा पिकतो तो त्यांना एकत्र बघणाऱ्या घरच्या मोलकरणीच्या, कांताबेनच्या, दचकण्यावर. उलट 'अशी ही बनवाबनवी' (1988) घ्या. दोन पुरुष साडी नेसून वावरतात, पण त्यांना बायल्या म्हणावं असं आपल्या कुणाच्या मनातही येत नाही. कारण त्यांचं मन कुठे आहे ते आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतं.

तिसरा शब्द 'नाच्या'. तमाशाच्या फडात बायकी हावभाव करणारा पुरुष. तो तर पेशाचा शब्द, सोंगाड्यासारखा. शेवटच्या 'या'मध्ये मुळात शिवी नाही. 'रड्या'त ती आली ती रडण्यामुळे. 'नटरंग'मध्ये (2010) आपल्या सोलापुरात वाढलेल्या अतुल कुलकर्णींनी केलेला गुणा पहिलवान गडी, बायकापोराचा बाप. फडाला नाच्या पाहिजे म्हणून तो नाच्या होतो आणि लोक त्याचं पुरुषपणच मोडीत काढतात. ज्या गल्लतीवर विनोदी सिनेमा हसवतो, तिचीच ही दुसरी बाजू.

बायांच्या बाबतीत मात्र भाषा फार उदार. 'पुरुषी' थोडं टोचतं, 'मर्दानी' तर चक्क कौतुक. कदाचित म्हणूनच विनोदी सिनेमाला तिथे हसायला फारसं सापडलं नाही. दोन स्त्रियांच्या संबंधाचा विषय मराठी पडद्यावर आला तो 'उंबरठा'सारख्या (1982) गंभीर सिनेमात.

समलिंगी की समलैंगिक? दोन्ही चालतात. मला 'समलिंगी' आवडतो. सुटसुटीत आहे आणि 'लैंगिक'चं ओझं वाहत नाही. फक्त तो विशेषण म्हणून वापरावा: समलिंगी मुलगा, समलिंगी जोडपं. 'एक समलिंगी आला' हे कानाला खटकतं.

तेव्हा तुझ्या वाक्यापुरतं असं कर. तो मित्र नुसताच लचकत असेल तर 'बायकी ढंगाचा' लिही. त्याचं एखाद्या पुरुषावर प्रेम आहे असं सिनेमा स्वतः सांगत असेल, तरच 'समलिंगी'. आणि 'बायल्या' पात्राच्या तोंडचा असेल तर अवतरणात ठेव, तुझ्या तोंडी नको.